पाणवाटा आणि वाटाडे

ओंटारिओ प्रांताच्या उत्तरेला टेमागामी नावाचे मोठे तळे आहे. तिथल्या जंगलात मी पहिल्यांदा कनू डोक्यावर घेऊन चालले. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, हलकी होडी. ती उलटी करून मधला आडवा दांडा खांद्यांवर टेकवला की समोरचे काहीच दिसत नाही. दिसतात फक्त आपली पावले आणि पुढची दोन हात वाट. डास तोंडावर बसलेले असतात, पण हाकलायला हात मोकळा नसतो. अर्धा तास मी नुसती वाटेकडे पाहत चालले होते. मग लक्षात आले, की ही वाट आजूबाजूच्या शेवाळापेक्षा चांगली वीतभर खोल आहे. झाडांची मुळे घासून गुळगुळीत झाली होती. चढ आला की वाट तिरकी वळत होती. दम लागेल अशा ठिकाणी होडीचे टोक टेकवायला नेमका एक खडक होता. कोणीतरी विचार करून ही वाट पाडली होती आणि त्यानंतर कितीतरी पिढ्यांच्या पावलांनी ती राखली होती.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना होडी आणि सामान असे जमिनीवरून वाहून नेण्याला पोर्टेज म्हणतात, आणि त्या वाटेलाही पोर्टेजच म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, वाट मात्र फ्रेंचांच्या कितीतरी आधीची. टेमागामीच्या परिसरातले मूलनिवासी अनिशिनाबे लोक उन्हाळ्यातल्या आणि बर्फातल्या अशा सगळ्या वाटांच्या जाळ्याला ‘नास्तावगन’ म्हणतात. क्रेग मॅक्डोनाल्ड नावाच्या एका उद्यान-कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षे तिथल्या वृद्धांकडे बसून, विचारून, स्वतः चालून त्या वाटांचा नकाशा तयार केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. तो नकाशा पाहिला आणि कनूच्या प्रवासाबद्दल मी तोवर वाचलेली पुस्तके वेगळी दिसू लागली. त्यांत वल्हवणाऱ्याचे नाव होते, नदीला त्याने दिलेले नाव होते, वादळ होते, उपासमार होती. वाट कोणी दाखवली, ते मात्र बहुतेक वेळा ‘आमचा इंडियन’ एवढ्या दोन शब्दांत आटोपलेले होते.

हे पुस्तक त्या दोन शब्दांच्या मागे काय आहे, ते शोधायला निघाले आहे.

मराठी वाचकाला नदीकाठचा लांबचा प्रवास नवा नाही. नर्मदा परिक्रमेवरची पुस्तके आपल्याकडे घराघरांत वाचली जातात. पण परिक्रमावासी नदी उजव्या हाताला ठेवून काठाने चालतो आणि संध्याकाळी कुठल्यातरी गावात त्याला भाकरी मिळते. कॅनडाच्या उत्तरेत नदी हाच रस्ता, आणि पुढचे गाव सहाशे किलोमीटरवर. म्हणून आधी त्या मुलखाविषयी थोडे सांगायला हवे.

कॅनडाचा जवळजवळ अर्धा भूभाग ‘कॅनेडियन शील्ड’ नावाच्या अतिप्राचीन खडकाने व्यापला आहे. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी त्यावरची माती खरवडून नेली आणि खडकात लाखो खळगे पाडले. बर्फ वितळल्यावर ते खळगे भरले. त्यामुळे इथली नदी आपल्या कृष्णा-गोदावरीसारखी एका पात्रातून वाहत नाही. ती एका तळ्यातून सांडते, थोडे अंतर खडकांवरून खळाळत उतरते आणि पुढच्या तळ्यात पसरते. उन्हाळ्यात पायी जावे तर दलदलीत पाय रुततात, घोडा तर चालूच शकत नाही. पण हलकी होडी असेल आणि ती उचलून नेता येत असेल, तर अटलांटिकपासून आर्क्टिकपर्यंत जवळजवळ सलग वाट आहे. पाणलोट बदलतो तिथे मधली उंचवट्याची जमीन ओलांडायची, की पाणी दुसऱ्या समुद्राकडे वाहू लागते.

या मुलखात झाडे आहेत तिथवर होडी तिथल्याच जंगलातून तयार होते. भूर्जपत्र आपल्याला पोथ्यांमुळे माहीत आहे. काश्मीरची जुनी हस्तलिखिते हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर आहेत. त्याच कुळातला उत्तर अमेरिकेचा भूर्ज उंच, पांढरा आणि जाड सालीचा असतो. त्या सालीवर तिथल्या लोकांनीही चित्रे कोरली, पण मुख्यतः होड्या बांधल्या. या कामावरचा एक माहितीपट मी अनेकदा पाहिला आहे. मानवान इथल्या सेझार नेवाशिश या अटिकामेक्व वृद्ध कारागिराने एक कनू सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधली, ते कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९७१ साली चित्रित केले. माहितीपटात निवेदन नाही, फक्त काम आहे. झाडाची साल सलग एका तुकड्यात उतरवून जमिनीवर पसरली जाते, तिच्यावर दगडांचे वजन ठेवले जाते. मग एक गोष्ट दिसते, जी ऐकून खरी वाटणार नाही. सालीची पांढरी बाजू आत जाते आणि झाडाच्या खोडाला चिकटलेली तपकिरी बाजू पाण्याकडे येते. स्प्रूसची मुळे चिरून, भिजवून त्यांनी शिवण घालायची. सीडरच्या पातळ पट्ट्या गरम पाण्याने मऊ करून वाकवायच्या आणि बरगड्यांसारख्या आत ठोकून बसवायच्या. शेवटी स्प्रूसचा डिंक चरबीत उकळून तो शिवणींवर आणि फटींवर लिंपायचा. एकही खिळा नाही. प्रवासात खडक लागून होडी फाटली तर दुरुस्तीचे सामान काठावरच उभे असते. युरोपातून आलेल्या माणसांनी तीनशे वर्षांत या होडीच्या आकारात मूलभूत सुधारणा केली नाही. केले ते एवढेच, की साल जाऊन कॅनव्हास आला, मग ॲल्युमिनियम, मग प्लास्टिक आणि केव्हलार.

फरच्या व्यापाराने ही होडी जगाच्या इतिहासात आणली. युरोपात बीव्हरच्या केसांच्या नमद्याच्या टोप्यांची फॅशन होती आणि बीव्हर उत्तरेच्या तळ्यांत होते. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १६०० सालची, हडसन्स बे कंपनीची २ मे १६७०ची. कंपनी सरकार म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. लंडनच्या राजाने जी जमीन या कंपनीला देऊन टाकली ती सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर, आजच्या भारताहून मोठी होती, आणि तिथे राहणाऱ्या क्री, डेने, अनिशिनाबे, इनुइट यांपैकी कोणालाही विचारलेले नव्हते. दोनशे वर्षांनी कंपनीने तो मुलूख तीन लाख पौंडांच्या मोबदल्यात कॅनडाकडे सोपवला. तेव्हाही विचारले नाही. त्या कंपनीची शेवटची दुकाने २०२५ साली बंद झाली.

माँट्रियलहून निघणाऱ्या प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनीच्या होड्या छत्तीस फूट लांब असत आणि त्यांत तीन-चार टन माल मावे. त्या वल्हवणारे व्हॉयाझर बहुतेक फ्रेंच-कॅनेडियन शेतकऱ्यांची पोरे होती, पुढे मेटी, म्हणजे युरोपीय-मूलनिवासी मिश्र वंशाचे लोक, आणि इरोक्वाही. पोर्टेजवर प्रत्येकाने ९० पौंडांची दोन गाठोडी एका खेपेत न्यायची, म्हणजे ८० किलोंहून जास्त. ती पाठीवर असत, पण भार पेलायची कपाळावरची पट्टी. आपल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी आणतात किंवा हिमालयातले भारवाहक कपाळाला पट्टा लावून चढतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना मानेच्या या ताकदीची कल्पना येईल. अंतर ते चिलमीत मोजत. एक चिलीम ओढायला थांबेपर्यंत जेवढे जाईल तेवढे. त्यांचे खाणे पेमिकन, म्हणजे बायसनचे वाळवून कुटलेले मांस आणि चरबी. शब्द क्री भाषेतला, आणि बनवण्याचे बरेचसे कष्ट मेटी बायकांचे. १७७८ साली पीटर पाँड हा व्यापारी स्थानिक वाटाड्यांच्या मदतीने मेथाय पोर्टेज ओलांडून गेला. सुमारे २० किलोमीटरची ती पायवाट हडसन उपसागराचे पाणी आणि आर्क्टिकचे पाणी जोडते. तिच्यामुळे व्यापाऱ्यांना सारे वायव्य खुले झाले. इतिहासात ‘पाँडने शोधलेली वाट’ असे येते. वाट तिथे होतीच.

शोधमोहिमांची नोंदही अशीच पुन्हा वाचावी लागते. सॅम्युएल हर्न हडसन उपसागरावरून कॉपरमाइन नदीकडे जायला दोनदा निघाला आणि दोनदा परत आला. तिसऱ्या खेपेला, डिसेंबर १७७० मध्ये, डेने लोकांचा पुढारी मातोनाबी त्याला बरोबर घेऊन गेला. हर्नने आपल्या ग्रंथात प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की आधीच्या मोहिमा फसल्या कारण बरोबर बायका नव्हत्या, असे मातोनाबीचे मत होते. ओझी ओढणे, तंबू उभारणे, कपडे शिवणे, मांस वाळवणे ही सगळी कामे त्या करत. त्यांच्याशिवाय उत्तरेत लांबचा प्रवास होत नाही, हे त्याला ठाऊक होते. मातोनाबीच्याच गोटातला नेस्ताबेक १७८९ मध्ये अलेक्झांडर मॅकेंझीबरोबर आर्क्टिक समुद्रापर्यंत गेला. इंग्रज त्याला ‘इंग्लिश चीफ’ म्हणत. त्या नदीला आज जगभर मॅकेंझीचे नाव आहे. डेने लोक तिला डेह चो, मोठी नदी, म्हणत आले आहेत.

जॉन फ्रँकलिन १८२१ साली भूर्जाच्या सालीच्या होड्या घेऊन आर्क्टिक समुद्राच्या किनाऱ्याने गेला आणि ऑगस्टचा उत्तरार्ध लागेपर्यंत मागे वळला नाही. यलोनाइव्ज डेने पुढारी अकाइचोने त्याला धोक्याची सूचना आधीच दिली होती. परतीच्या वाटेवर वीसपैकी अकरा माणसे गेली, बहुतेक सगळे व्हॉयाझर. उरलेल्यांना अकाइचोच्या माणसांनी नोव्हेंबरात गाठले, खाऊ घातले, चालते केले. लंडनमध्ये फ्रँकलिन ‘बूट खाऊन जगलेला माणूस’ म्हणून नायक झाला. मला या कथेत नायक अकाइचो वाटतो, आणि ते मी या पुस्तकात कुठेही लपवलेले नाही.

या साऱ्या इतिहासातली जी एक हकिगत मी पुनःपुन्हा वाचत आले, ती लॅब्रडॉरची. लिओनिडस हबर्ड हा अमेरिकन पत्रकार १९०३ च्या जुलैत डिलन वॉलेस आणि जॉर्ज एल्सन यांच्याबरोबर एकाच कनूतून निघाला. ग्रँड लेक या तळ्याच्या टोकाशी नास्कॉपी नदीचे मुख आहे. ते त्यांच्या नजरेतून सुटले आणि ते शेजारच्या सुझन नावाच्या ओढ्यात शिरले. ओढा अरुंद, दगडांचा. आठवडेच्या आठवडे ते होडी ओढत, उचलत पुढे गेले. मिशिकामाऊ हे मोठे तळे त्यांना एका टेकडीवरून लांबून दिसले तेव्हा सप्टेंबर लागला होता आणि अन्न संपत आले होते. परतताना १८ ऑक्टोबरला हबर्ड तंबूत भुकेने मेला. एल्सन बर्फातून चालत मदत आणायला गेला, म्हणून वॉलेस वाचला.

एल्सन हा स्कॉटिश-क्री माणूस जेम्स उपसागराकडचा. लॅब्रडॉर त्याचा मुलूख नव्हता, आणि तिथला माहीतगार कोणी बरोबर नव्हता. दोन वर्षांनी हबर्डची विधवा पत्नी मीना त्याचा अपुरा राहिलेला प्रवास पुरा करायला स्वतः निघाली. तिने एल्सनलाच प्रमुख नेमले आणि त्याच्याबरोबर जोसेफ आयसरहॉफ, जोब चापीझ आणि नॉर्थ वेस्ट रिव्हरचा तरुण फासेपारधी गिल्बर्ट ब्लेक यांना घेतले. वॉलेसला सोडवायला गेलेल्यांत हाच ब्लेक होता, आणि नदीचा खालचा भाग त्याला ठाऊक होता. २७ जून १९०५ ला ते निघाले. वॉलेसही त्याच दिवसांत वेगळी तुकडी घेऊन त्याच लक्ष्याकडे निघाला होता. मीना ऑगस्ट संपायच्या आत अंगावा उपसागरावर पोहोचली, तिच्या सगळ्या माणसांसह, धडधाकट. वॉलेस ऑक्टोबरात पोहोचला. मीनाने नकाशा काढला, वाटेत भेटलेल्या, तिथल्याच मूलनिवासी इनू बायकांबद्दल लिहिले, कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणांचे कळप पाहिले आणि १९०८ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळातल्या प्रवासवर्णनांत बरोबरच्या माणसांची नावे, स्वभाव, त्यांचे विनोद, त्यांचा रुसवा इतक्या मायेने क्वचितच आले आहेत. हबर्डने पाहिलेले आणि न गाठलेले मिशिकामाऊ आज नकाशावर सापडत नाही. चर्चिल फॉल्सच्या वीजप्रकल्पासाठी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते एका अजस्र जलाशयात बुडाले, आणि त्याबरोबर इनू लोकांची शिकारीची रानेही. कोयना आणि उजनी पाहिलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

विसाव्या शतकात कनू पोटासाठी कमी आणि मनासाठी जास्त वल्हवली जाऊ लागली. यातून वेगवेगळ्या परंपरा तयार झाल्या, आणि नव्या वाचकाला त्यांची तोंडओळख असावी. पहिली, मुलांच्या उन्हाळी शिबिरांची. टेमागामीच्या शिबिरांत आजही लाकूड-कॅनव्हासच्या होड्या, लाकडी पेट्या आणि कपाळपट्टी वापरतात, आणि सोळा-सतरा वर्षांची मुले शेवटच्या वर्षी हडसन उपसागरापर्यंत जाऊन येतात. दुसरी, फरच्या व्यापाराच्या वाटा शोधून पुन्हा वल्हवणाऱ्यांची. एरिक मोर्स आणि सिगर्ड ओल्सन हे तिचे लेखक. मोर्सचे १९६९ सालचे जुन्या पाणवाटांवरचे पुस्तक इतके नेमके आहे, की त्यावरून आजही पोर्टेज शोधता येते. तिसरी, अंतराची. एरिक सेव्हराइड आणि वॉल्टर पोर्ट ही शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली पोरे १९३० साली मिनियापोलिसहून हडसन उपसागरापर्यंत गेली, सुमारे ३६०० किलोमीटर. पुढे व्हर्लेन क्रूगर आणि क्लिंट वॉडेल यांनी १९७१ मध्ये एकाच मोसमात माँट्रियलपासून बेरिंग समुद्र गाठला. या परंपरेचे मला कौतुक आहे, पण तिची पुस्तके वाचताना नदी कधी कधी नुसती किलोमीटर होऊन जाते.

चौथी बिल मेसनची. चित्रकार, चित्रपटकार आणि श्रद्धाळू माणूस. १९७०-८०च्या दशकांतल्या त्याच्या माहितीपटांनी आणि पुस्तकांनी कॅनडाच्या दोन पिढ्यांना वल्हे धरायला शिकवले. रॅपिडच्या, म्हणजे खडकांवरून खळाळत उतरणाऱ्या पाण्याच्या, वर थांबून, काठावर उतरून, आधी पूर्ण उतार पायी पाहून यायचा, ही त्याची शिस्त. मी जे थोडेफार वल्हवते ते त्याच्या पुस्तकातल्या आकृत्या पाहून शिकले. पाचवी परंपरा सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आहे. अनिशिनाबे, मिगमा, अटिकामेक्व, डेने समाजांतले तरुण पुन्हा सालीच्या होड्या बांधू लागले आहेत, आजोबांच्या वाटांवरून मुलांना नेऊ लागले आहेत. पुढच्या पन्नास वर्षांतली कनूवरची महत्त्वाची पुस्तके त्यांच्याकडून येतील, असे मला मनापासून वाटते.

वृक्षरेषेच्या पलीकडचा मुलूख हा या साऱ्या परंपरांची कसोटी आहे. थेलॉन, कझान, डुबॉन्ट, बॅक, कॉपरमाइन या तिथल्या नद्या. बाहेरच्यांनी या प्रदेशाला ‘बॅरन लँड्स’, ओसाड जमीन, असे नाव दिले. तिथे भूर्ज वाढत नाही, म्हणून इनुइटांनी कातड्याची कयाक घडवली आणि नदी पोहून जाणाऱ्या कॅरिबूंची शिकार तिच्यातून केली. बर्फ जूनच्या मध्यानंतर सुटते, मोठ्या तळ्यांवर जुलैतही तरंगत असते, आणि ऑगस्टच्या अखेरीस थंडी परतते. प्रवाशाच्या हातात सहा ते आठ आठवडे. रोजचे माणशी किलोभर कोरडे अन्न धरले, तर दोघांचे चाळीस दिवसांचे ऐंशी किलो होते. पाणी इतके गार, की होडी उलटली तर काही मिनिटांत हात काम करेनासे होतात. १९५५ साली आर्थर मोफॅट पाच तरुणांना घेऊन डुबॉन्टवर गेला. रेंगाळत, चित्रीकरण करत सप्टेंबर उजाडला. १४ सप्टेंबरला घाईत, न पाहता ते एका रॅपिडमध्ये शिरले, होड्या उलटल्या आणि मोफॅट गारठून मेला. त्यानंतर उत्तरेच्या प्रवासाची सुरक्षा शिकवणाऱ्या प्रत्येकाने या दिवसाचा दाखला दिला आहे.

थेलॉनवर आम्ही सहा जण एका उन्हाळ्यात गेलो. तरंगत्या विमानाने आम्हाला पाण्यावर सोडले आणि त्याचा आवाज विरल्यावर जी शांतता आली, तिच्यात आपलेच रक्त कानात वाहताना ऐकू येते. तिथे नदीकाठी स्प्रूसची एक अरुंद पट्टी वृक्षरेषेच्या खूप पलीकडे तग धरून आहे. त्या झाडांत जॉन हॉर्नबीच्या झोपडीचे कुजलेले ओंडके अजून दिसतात आणि शेजारी तीन क्रूस. १९२६ च्या हिवाळ्यात कॅरिबूंचा कळप आपल्या दारावरून जाईल, या भरवशावर हॉर्नबी दोन तरुणांसह तिथे राहिला. कळप चुकला. १९२७ च्या वसंतापर्यंत तिघेही उपासमारीने गेले. सर्वांत धाकटा एडगर ख्रिश्चन अठरा वर्षांचा. शेवटी त्याने आपली रोजनिशी विझलेल्या स्टोव्हमध्ये ठेवली, म्हणून ती टिकली. मी त्या ओंडक्यांपाशी उभी होते तेव्हा एक कस्तुरी बैल पलीकडच्या वाळूवर शांतपणे चरत होता.

पुढे ॲबर्डीन तळ्यावर वाऱ्याने आम्हाला चार दिवस अडकवले. तळ्याच्या लाटा समुद्रासारख्या उठत होत्या. तंबूच्या दोऱ्यांना दगड बांधायचे, पीठ भिजवून तव्यावर बॅनॉक भाजायची आणि वाट पाहायची. चौथ्या रात्री दोन वाजता वारा पडला. रात्र नव्हतीच, उजेड होता. आम्ही उठून सकाळपर्यंत वल्हवत राहिलो. शेवटी बेकर लेक या गावी पोहोचलो. तिथे धक्क्यावर एका इनुइट आजींनी आमचा नकाशा मागून घेतला, गुडघ्यांवर पसरला आणि ॲबर्डीनच्या उत्तरेकडच्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवले. नातवाने सांगितले, ‘तिचा जन्म इथला.’ आम्ही ज्याला निर्मनुष्य म्हणून इतक्या लांबून पाहायला आलो होतो, तो त्यांच्या बाळंतपणाचा तंबू होता. या पुस्तकाचा विषय मला त्या दिवशी नीट समजला.

आजच हे लिहायला हवे, याला कारणे आहेत. बॅथर्स्ट कॅरिबूंचा कळप १९८६ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजारांचा होता. २०१८ च्या गणनेत तो सुमारे ८,२०० उरला. ज्या प्राण्याभोवती तिथले सगळे प्रवास रचलेले होते, तोच विरळ होत आहे. गोठलेली जमीन वितळून नदीकाठ कोसळत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यामुळे यलोनाइफ हे प्रादेशिक राजधानीचे शहर रिकामे करावे लागले. खिशातल्या उपग्रह-यंत्राचे बटण दाबून मदत बोलावता येते, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या भरवशावर नदी न शिकता निघणारी माणसे वाढली आहेत, आणि ते मला धोक्याचे वाटते. दुसऱ्या बाजूला खूप काही परत येत आहे. १ एप्रिल १९९९ ला नुनावुत हा इनुइटांचा प्रदेश झाला. कॉपरमाइन गाव त्याआधीच, १९९६ मध्ये, कुगलुक्तुक झाले. ग्रेट स्लेव्ह तळ्याच्या पूर्वेला थायदेने नेने हे राष्ट्रीय उद्यान २०१९ साली डेने लोकांच्या पुढाकाराने उभे राहिले.

आणि मराठी माणसेही आता या पाण्यावर आहेत. टोरांटो-मिसिसागाला स्थिरावलेली कितीतरी कुटुंबे उन्हाळ्यात अल्गोंक्विन पार्कात कनू भाड्याने घेतात. त्यांच्या मुलांना या देशाचा इतिहास शाळेत कळतो, पण त्यावर घरी मराठीत बोलायला शब्द नाहीत. ही अडचण मलाही पानोपानी आली. ‘रॅपिड’ला भूगोलाच्या पुस्तकात ‘द्रुतवाह’ म्हटले आहे, पण ओठांवर तो बसत नाही. ‘एडी’ म्हणजे प्रवाहातल्या खडकामागे पाणी मागे वळून शांत होते ती जागा. ‘भोवरा’ म्हणावे तर मराठी कानाला बुडण्याची धास्ती वाटते, आणि वल्हवणाऱ्यासाठी तर ती विसाव्याची जागा. शेवटी मी वल्हे, काठ, उतार, धार, डोह हे आपले शब्द जिथे चपखल बसले तिथे वापरले आणि उरलेले तिकडचे तसेच ठेवले.

या पुस्तकात होडी कशी वल्हवावी, हे शिकवलेले नाही. त्यासाठी पाण्यात उतरावे लागते. इथे काही जुने प्रवास आहेत, काही नवे. काही गाजलेले, काही अगदी थोड्यांना ठाऊक असलेले. प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न घेऊन गेले: वाट कोणाला माहीत होती, आणि त्याचे ऐकले गेले का? सगळीकडे उत्तर सापडले असे नाही. कित्येक वाटाड्यांची नावे नोंदलीच गेली नाहीत. तिथे मी नाव बनवले नाही, जागा मोकळी ठेवली.

जी नावे मिळाली ती मूळ भाषांतल्या उच्चाराच्या जितकी जवळ देवनागरीत आणता येतील तितकी आणली आहेत. क्री, डेने, इनुक्तितुत यांतले काही ध्वनी आपल्या लिपीत नीट उमटत नाहीत, आणि माझ्या कानाचीही मर्यादा आहे. त्या भाषा जाणणाऱ्या किंवा त्या गावांत राहिलेल्या वाचकांनी चुकीचे नाव दिसले तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे. पुढच्या आवृत्तीत ते सुधारून घेऊ.